मोरोपंतांच्या गावी इंग्रजी व्याकरण

परीक्षेला बसणारा विद्यार्थी इंग्रजीला भितो, ही तक्रार बारामती-इंदापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. ही भीती भाषेची किती आणि शिकविण्याच्या रीतीची किती, हे इतिहासाला विचारले पाहिजे.

मोरोपंत १७९४ साली बारामतीस वारले. त्यांच्या काळच्या पोथ्यांत दंडापलीकडे विरामचिन्ह क्वचितच आढळावयाचे. पुढे ४२ वर्षांनी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग या २२ वर्षांच्या तरुणाने मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. त्याच सुमारास गोल्डस्मिड व विंगेट हे साहेब आपल्या इंदापूर तालुक्यात जमिनीची प्रतवारी लावून तीस वर्षांचा सारा ठरवीत होते. १८५० साली मेजर कँडी यांनी विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले. इंग्रजीच्या पेपरात स्वल्पविरामाला अडखळणारा विद्यार्थी मराठी निबंधात इंग्रजांचाच स्वल्पविराम बिनदिक्कत वापरतो!

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली, आणि व्याकरण हा गुणांचा विषय बनला. गावोगाव इंग्रजीचा शिक्षक कोठून आणावा? ती उणीव तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पुष्कळ भरून काढली. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे, पुन्हा उलट करावे. खरी अडचण येथेच आहे. ‘रामाने आंबे खाल्ले’ या आपल्या वाक्यात क्रियापद आंब्यांच्या मागे जाते. इंग्रजीत ते रामाला सोडीत नाही. आपले क्रियापद शेवटी, त्यांचे मध्यभागी. आणि ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदे तर आपल्याकडे मुळीच नाहीत. ती पाठ करून साधत नाहीत, वाचून वाचून कानात बसावी लागतात. भाषांतराने विद्यार्थी पास झाला, पण बोलावयाची वेळ येताच मुका झाला, याचे कारण मला यातच दिसते. तरी त्या पाठमालेला हसू नये. शिक्षक नव्हता तेथे ती होती.

वाङ्मयाची गोष्ट निराळी. विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी विद्येत वाढलेले; वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनीच पुरे केले. पण १८७४ साली ‘निबंधमाला’ काढल्यावर त्याच लेखणीने ते आपल्या बारामतीकर कवीची बाजू मांडावयास उभे राहिले. इंग्रजी ग्रंथ वाचून स्वतःचे घर विसरलेले लोक त्यांच्या भोवती थोडे नव्हते. व्याकरणाचे नियम दोघांनाही तेच. पण शास्त्रीबुवा परीक्षेपुढे जाऊन इंग्रजी वाचीत राहिले होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून टाकले. २००० साली महाराष्ट्राने ते पहिलीपासून आणले. मधल्या काळात, १९६२ साली, बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभे राहिले. इयत्ता बदलली, धोरणे बदलली. पण फळ्यावर पुष्कळ ठिकाणी अजून मराठी वाक्यच आधी लिहिले जाते, आणि मुले वहीत त्याचे इंग्रजी करीत बसतात.