कान्हेरीच्या डोंगरावर कोरलेली बायांची नावं

आज तुम्हाला आमच्या सहलीची गोष्ट सांगणार आहे. सहल तशी एका दिवसाचीच, पण मी पोचले दोन हजार वर्षं मागे!

आम्ही कांजूरमार्गच्या बचत गटातल्या अकरा जणी. डबे बांधले, लोकलनं दादरला गेलो, तिथून गाडी बदलून बोरिवली. स्टेशनच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं दार आहे. तिथून आत जंगलात सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीचा डोंगर. कधी आलात तर सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. उद्यानाचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं, हेही लक्षात ठेवा.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. या काळ्या दगडात शंभराहून जास्त लेणी खोदली आहेत. इसवी सनाच्या आधीच्या शतकात काम सुरू झालं आणि पुढं हजारएक वर्षं इथं बौद्ध भिक्षूंचा वावर राहिला. तीन नंबरच्या लेण्यात मोठा चैत्य आहे. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्ध उभे आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासमोर फोटो काढायला ही गर्दी असते.

आम्ही मात्र थबकलो पाण्यापाशी. बाईमाणूस कुठंही गेलं तरी आधी पाणी कुठं आहे ते बघतं, खरं ना? इथं जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे. डोंगराच्या अंगावर बारीक पन्हळी कोरल्यात. पावसाचं पाणी त्यांतून टाक्यात उतरतं, आणि तेच उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं. भिक्षूंनी डोंगरावर वस्ती केली ती या टाक्यांच्या जिवावर. त्या काळच्या प्राकृत भाषेत टाक्याला शब्द होता ‘पानियपोढी’. पानिय म्हणजे पाणी. ऐकलं की आपलंच वाटतं ना?

आमच्यातल्या एक मावशी, साताऱ्याकडच्या, सहीपुरतं शिकलेल्या. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं बघून त्यांनी विचारलं, “यात बायांची नावं हायेत का गं?”

आहेत, मैत्रिणींनो. आणि तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

इथल्या एका टाक्यावर एका राणीचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची ती राणी, कार्दमक घराण्यातल्या महाक्षत्रपाची लेक. सतेरक नावाच्या अमात्यानं दिलेल्या टाक्याचा हा लेख. दगड झिजला, अक्षरं तुटली. नवरा कळतो, माहेर कळतं, अमात्याचंही नाव कळतं. राणीचं स्वतःचं नाव मात्र आज वाचता येत नाही.

दुसरा लेख सापा नावाच्या भिक्षुणीचा. धेनुकाकट गावच्या धमणक नावाच्या उपासकाची ही लेक. तिनं एक लेणं आणि एक पोढी दान दिली. सोबत बहीण रतिनिका आणि बाकीचं गणगोत. सापा राणी नव्हती, सरदारीण नव्हती. पण तिचं नाव दगडावर आजही आहे, आणि बहिणीचंही.

हे ऐकून मावशी म्हणाल्या, “राणीचं गेलं आन् जोगिणीचं ऱ्हायलं!”

आणखी एक शब्द या लेखांमध्ये सापडतो, ‘अक्षयनीवी’. म्हणजे अशी ठेव की मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. नाशिकच्या लेण्यात तर व्याजाचा दरसुद्धा कोरलाय. उषवदातानं विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, दर महिना शेकडा एक या व्याजानं. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. आपणही गटात बसून हेच करतो की! पैसे एकत्र ठेवायचे, व्याज ठरवायचं आणि वहीत लिहायचं. लिहिलेलं म्हणूनच ते आज आपल्याला कळलं.

परतताना मावशी गप्प होत्या. गाडीत म्हणाल्या, “गावच्या जमिनीत मी तीस वर्सं राबले. सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई.” आम्ही कुणीच काही बोललो नाही. कारण अकरा जणींपैकी घराच्या कागदावर नाव असलेल्या दोघीच होत्या.

मैत्रिणींनो, सातवाहन राजे आईच्या नावानं ओळखले जात. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. आता आपल्या राज्यातही १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क २००५ च्या कायद्यानं दिला, आणि महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच ही सुधारणा होती. कायदा झाला, पण नाव आपोआप चढत नाही. त्यासाठी तलाठ्याकडे जावं लागतं, अर्ज द्यावा लागतो, घरात बोलावं लागतं. सगळ्यात अवघड हे घरात बोलणंच.

कान्हेरीला जाल तेव्हा पोरांना एक सांगा. तिथल्या भिंतींवर खिळ्यानं आपली नावं खरडू नका. त्यानं जुनी अक्षरं कायमची जातात, राणीच्या नावासारखी. आपलं नाव लिहायची जागा वेगळी आहे.

मावशी पुढच्या महिन्यात गावी जाणार आहेत. सातबाऱ्याचा उतारा आम्ही त्यांना काढून दिलाय, आणि सोबत गटातली एक जण जाणार आहे. तुमच्या घरच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते आज संध्याकाळी जरा काढून बघा. येते मी. नमस्कार.