अडलेला शब्द

केडगावात ज्यांना दिसत नाही, अक्षर येत नाही, त्यांना मी पुस्तके वाचून दाखवतो. एकदा एका आजींनी मध्येच थांबवले, "भाई, 'अंतर्मुख' म्हंजी काय ओ?" शब्द माझ्याच कवितेतला! मी बी.ए. झालेला, पण सांगताना अडखळलो.

मंडळी, तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना घेऊन त्यांनी १८९८ साली इथेच मुक्ती सदन उभारले. संस्कृतात पारंगत बाई. पण बायबलचे भाषांतर करताना हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि मराठी निवडली ती साधी, अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशी. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम सदनातल्या बायकांनीच केले. कन्या मनोरमाबाईंनी अंध स्त्रियांना ब्रेल शिकवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

मी मुसलमान, त्यांच्या धर्माची वाट माझी नव्हे. भाषेपुरता मात्र त्यांचा ऋणी आहे. पुढच्या रविवारी तो शब्द काढून कविता पुन्हा वाचली. आजी म्हणाल्या, "आता दुसरं कडवं परत वाचा."