वादळ आणि बोचकं

मुंबईत झालेल्या वादळांच्या याद्या चाळा. त्यात एक ओळ हमखास सापडते. जून 1882, मुंबईचं चक्रीवादळ, मृत एक लाख. ही ओळ पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं फिरते आहे. आणि हे वादळ झालेलंच नाही! 1881 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 7,73,196. 1891 ला ती 8,21,764. म्हणजे शहरातला दर आठवा माणूस एका दिवसात मेला असता. मग ती प्रेतं कुणी जाळली, कुणी पुरली? दुसऱ्या दिवशी गिरण्या कुणाच्या जिवावर चालल्या? ज्यांनी जुनी दप्तरं धुंडाळली त्यांना अशा वादळाचा मागमूस लागला नाही. एक लाख माणसं कागदावरच जन्मली, कागदावरच मेली. आणि ती ओळ उतरवून घेणाऱ्याला एकदाही वाटलं नाही की विचारावं, ही माणसं कोण होती?

खरं वादळ 1854 चं. तारीख 1 नोव्हेंबर. चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता गेली आणि हजार माणसं मेली, अशी गॅझेटियरात नोंद आहे. मालाची किंमत पौंडात. माणसं ठोक भावात. त्यात खलाशी किती, कोळी किती, हमाल किती? बाया किती, पोरं किती? जे वाचले त्यांनी ती रात्र कुठं काढली? गॅझेटियरला त्याचं सोयरसुतक नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या माणसांचा वादळाचा इतिहास वाऱ्याच्या वेगापासून लिहू नये. बोचक्यापासून लिहावा. पाणी दारात आलं की बाई आधी काय उचलते, तिथून लिहावा.

माझी आत्या वरळीच्या किनाऱ्याला झोपडीत राहायची. आम्ही बीडीडी चाळीत. या चाळी इंग्रज सरकारनं 1920 नंतरच्या चारपाच वर्षांत बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. पण भिंत सिमेंटची. आत्याची भिंत पत्र्याची. मे संपला की ती पत्र्यावर दगड ठेवायची, कोळीवाड्यातून टाकाऊ जाळं मागून आणायची आणि अख्खं छप्पर जाळ्यानं आवळून बांधायची. वारा जाळ्यातून निघून जातो, पत्रा जागेवर राहतो. हे तिला कुठल्या इंजिनेरानं शिकवलं नव्हतं.

समुद्र खवळला आणि त्यात मोठी भरती असली की आत्या पोरं घेऊन आमच्याकडं यायची. आम्ही सात, ती पाच. बारा माणसं एका खोलीत. कुणाचं डोकं कुणाच्या पायावर. बा व्हरांड्यात गोणपाटावर. चूल एकच, म्हणून पोरं आधी, बाप्ये मग, बाया शेवटी. आत्या येण्याचं आणखी एक कारण होतं, ते ती मोठ्यानं बोलायची नाही. किनारा पाण्याखाली गेला की बायांनी परसाकडला जायचं कुठं? चाळीतल्या संडासाला रांग असली तरी दार होतं.

आत्याचा नवरा, आमचा मामा, कधीच यायचा नाही. गुडघाभर पाण्यात बाजल्यावर बसून राहायचा. झोपडी रिकामी दिसली की दुसरा घुसतो, नाहीतर सकाळी तोडायला गाडी येते. वादळात घरचा कर्ता घर सोडत नाही, त्याला लोक अडाणीपणा म्हणतात. तो अडाणीपणा नव्हता. पहारा होता.

1982-83 चा सुमार असेल. आत्या चिंब भिजून आली. आईनं तिचं बोचकं सोडलं. आत रेशनकार्ड, फोटोपास, पोरांचे शाळेचे दाखले, जातीचा दाखला आणि बाबासाहेबांची तसबीर. सगळं मेणकापडात बांधलेलं. आई म्हणाली, "वन्सं, पीठ नाय आणलं?"

आत्या म्हणाली, "पीठ उसनं मिळंल वैनी. कागुद कोन उसना देईल?"

हे बोलणं तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. जानेवारी 1976 मध्ये सरकारनं मुंबईतल्या झोपड्या मोजल्या आणि फोटोपास दिले. जुलै 1981 मध्ये, भर पावसात, फुटपाथवरच्या माणसांना हुसकून बसमध्ये कोंबलं आणि गावी धाडायचा घाट घातला. प्रकरण कोर्टात गेलं. 10 जुलै 1985 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्याच हक्कातला, असं कोर्ट म्हणालं. पण झोपड्या हटवायला मनाई केली नाही. 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत थांबा, एवढंच. आणि 1976 च्या मोजणीतलं ओळखपत्र ज्याच्याकडं, त्याला दुसरी जागा द्या. आत्या कोर्टाची पायरी कधी चढली नाही. पण वारा फक्त छप्पर नेतो आणि कागद गेला तर पायाखालची जागा जाते, हे तिला निकालाच्या आधीच ठाऊक होतं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला 73. शहर एक, दिवस एक. माप जिथं ठेवलं तिथला आकडा. आपल्या दारात माप कुणी ठेवलं?

5 डिसेंबर 2017. ओखी वादळाचा पाऊस दादरला कोसळला. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन. शिवाजी पार्कात चिखल झाला. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आयाबाया, म्हातारीकोतारी पालिकेच्या शाळांत हलवली गेली. बघितलं तर प्रत्येकीच्या डोक्यावर बोचकं.

3 जून 2020 ला निसर्ग आलं. कोरोनामुळं वरळी कोळीवाडा मार्चअखेरीसच सील झालेला. दोन महिने सांगणं होतं, घराबाहेर पडू नका. आता किनाऱ्यावरच्यांना सांगणं आलं, घरात राहू नका. वादळ रायगडात शिरलं आणि बातमी आली, मुंबई वाचली. कुठली मुंबई? आमच्या चाळीतल्या कित्येकांची गावं मंडणगड-दापोलीची. बाबासाहेबांचं आंबडवेही मंडणगड तालुक्यातलंच. तिथं कौलं उडाली, पोफळी झोपल्या. बागेचा पंचनामा बागवाल्याच्या नावानं होतो. त्या बागेत राबायला जाणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कुठल्या तलाठ्यानं केला?

पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 ला, तौक्तेत कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरवर गेला. हा आकडा राहील. राहू द्या. पण त्याच्या शेजारी आपलीही ओळ हवी, आणि ती आपणच लिहायची आहे. आज घरी जा आणि आईला, आजीला, आत्याला विचारा, पाणी आलं तेव्हा आधी काय उचललंस? ती म्हणेल, त्यात काय सांगायचं? तरी विचारा. तारीख घाला, जागा घाला, बोचक्यात काय होतं ते एकेक लिहून काढा.

आत्या आता नाही. तिचा फोटोपास आतेभावाकडं आहे. कडेला पाण्याचा डाग पडलाय, पण फोटो ओळखू येतो.