हप्त्यावर गुंठा: शहापूर-मुरबाडची जमीन एवढी स्वस्त का?

"आसनगाव स्टेशनपासून दहा मिनिटं, समृद्धीला लागून, गुंठा हप्त्यावर!" अशी रील तुमच्याही फोनवर आलीच असेल. डोंबिवलीत वन बीएचके परवडत नाही, मग माणूस तिकडे बघतो. पण ही जमीन स्वस्त का? कोणालाही विचारा, उत्तर येतं, "लांब आहे ना!"

मला हे पटत नाही. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली 1853 मध्ये, आणि 1855 मध्ये रूळ वासिंदला पोचलेसुद्धा! आज जिला आपण वेस्टर्न म्हणतो ती लाइन मुंबईत आली 1864 ला. म्हणजे अंधेरी-बोरिवलीच्या नऊ वर्षं आधी वासिंदला रेल्वे होती. 1861 पासून गाडी कसाऱ्यापर्यंत जातेय. मुरबाडचं वेगळं. तिथे रेल्वे आजही नाही, त्यामुळे एजंट तिथे 'येणारी रेल्वे' विकतो.

मग अडलं कुठे? एक म्हणजे पाणी. तानसा धरण 1892 चं, नंतर भातसा. शहापूर तालुक्यातलं पाणी मुंबई पिते आणि इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. प्लॉटच्या जाहिरातीत झाडं दिसतात, नळ दिसत नाही.

पण खरं कारण सातबाऱ्यावर आहे.

गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. भावाभावांत वाटण्या होऊन शेतात नांगरही वळेना, म्हणून 1947 मध्ये तुकडेबंदी कायदा आला. ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा सुटा विकता येत नाही. शिवाय 1948 च्या कूळ कायद्यानुसार शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. रहिवासी झोनसाठी अलीकडे सवलती आल्यात, शेतीच्या गुंठ्याचा घोळ मात्र तसाच आहे. मग पळवाट काय, तर एकाच सातबाऱ्यावर अनोळखी पंधरा-वीस माणसं सामाईक मालक. एनए नाही, मंजूर लेआउट नाही, म्हणून होम लोनही नाही. रीलमधला 'हप्ता' बँकेचा नसतो, एजंटचाच असतो!

आणखी एक. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. सावकारांनी आदिवासींच्या जमिनी इतक्या लाटल्या होत्या की 1974 मध्ये कायदा कडक करावा लागला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि पूर्वी गेलेल्या काही जमिनी परत देण्याचीही सोय झाली. एजंट याला 'कागदाची किरकोळ अडचण' म्हणतो. त्याच किरकोळ अडचणीमुळे कित्येक ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांच्या नावावर आज जमीन उरलीय.

म्हणजे आपण ज्याला स्वस्त म्हणतो, ती बऱ्याचदा अर्धवट मालकीची किंमत असते. जिथे कागद साफ आहे तिथला भाव विचारून बघा. समृद्धीसाठी सरकारने रेडी रेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला, तेव्हापासून आजूबाजूचा प्रत्येक मालक त्याच हिशोबात बोलतो. 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, मग तर विचारूच नका.

या भाववाढीत कातकरी कुठेच नाहीत. बरीच कुटुंबं पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर झोपडी बांधून राहतात. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. कल्याण-भिवंडीच्या किती भिंती त्यांच्या विटांच्या आहेत! पण झोपडीखालची जागा नावावर नाही, आणि त्या जागेचा गुंठ्याने भाव ठरला की सर्वात आधी उठावं लागतं त्यांनाच.

तेव्हा साइट व्हिजिटला जाल तर गाडीत बसण्याआधी महाभूलेखवर गट नंबर टाका. मालकांची नावं मोजा. 'इतर अधिकार' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, जुने फेरफार काढा. आणि प्लॉटच्या कोपऱ्यात एखादी झोपडी दिसली, तर तिथे कोण राहतं आणि कधीपासून, हे एजंटला नाही, त्यांनाच विचारा.