अँग्युलरच्या आवृत्ती : क्रमांकाच्या प्रामाण्याविषयी काही विचार

ऑक्टोबर २०१४ ते सप्टेंबर २०१६ या सुमारे तेवीस महिन्यांच्या अवधीत जो कोणी आंतरजालावरील पृष्ठांची रचना शिकू पाहत होता, त्याच्यापुढे एक विलक्षण पेच उभा होता. अँग्युलर या फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती शिकावी, तर तिची सद्दी संपल्याचे तिच्या कर्त्यांनीच जाहीर केलेले. दुसरी शिकावी, तर ती अद्याप पूर्णपणे जन्मासही आलेली नव्हती. हा पेच केवळ तंत्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा आहे असे मानून इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. आवृत्तीचा क्रमांक हा एक प्रकारचा लेखी पुरावा होय. आणि इतर कोणत्याही पुराव्याप्रमाणे तोही पारखूनच घ्यावा लागतो.

ब्राउझरमधील पृष्ठाचा जो भाग वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देतो, तो मुख्यतः जावास्क्रिप्ट भाषेत लिहिला जातो. तो प्रत्येक वेळी मुळापासून लिहावा लागू नये म्हणून जी आयती चौकट वापरतात, तिला फ्रेमवर्क म्हणतात. चौकट आयती मिळते खरी. पण तिच्या रीतीने विचार करावयास शिकावे लागते, आणि त्यातच शिकणाऱ्याचे महिनेच्या महिने खर्ची पडतात. निवड चुकली तर ते भरून येत नाहीत. आवृत्तीच्या प्रश्नाला जे महत्त्व आहे ते यामुळे.

अँग्युलरचा आरंभ २००९ मध्ये मिश्को हेव्हरी आणि अ‍ॅडम अब्रन्स यांनी केला. पुढे गूगल कंपनीत हेव्हरी ज्या कामावर होते, त्यात तीन जणांनी सहा महिने खपून सुमारे १७,००० ओळी लिहिल्या होत्या. हे सारे आपल्या चौकटीत दोन आठवड्यांत पुन्हा लिहून दाखवितो, अशी पैज त्यांनी मारली. आठवडे तीन लागले, म्हणजे पैज हरली. परंतु ओळी सुमारे १,५०० वर आल्या, आणि वरिष्ठ ब्रॅड ग्रीन यांनी या चौकटीच्या पाठीशी उभे राहण्याचे ठरविले. जून २०१२ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या पहिल्या रचनेचे आकर्षण आणि तिचे वैगुण्य ही दोन्ही एकाच मुळातून निघाली होती. पृष्ठावरील मजकूर व त्यामागील माहिती परस्परांशी आपोआप जुळलेली राहत. एकीकडे बदल केला की तो दुसरीकडे उमटे. ही किमया साधण्यासाठी प्रत्येक घटनेनंतर नजरेखालील सर्व मूल्ये एकामागून एक तपासली जात, आणि काही बदललेले आढळले तर तपासणीची फेरी पुन्हा सुरू होई. फेऱ्या अनंतकाळ चालू नयेत म्हणून दहांची मर्यादाही घातलेली होती. लहान पृष्ठावर हे खपून जाई. मूल्यांची संख्या वाढली की पृष्ठ रेंगाळू लागे. शिवाय २००९ मध्ये जावास्क्रिप्टला स्वतःची मोड्यूलव्यवस्था नव्हती, म्हणून अँग्युलरने आपली वेगळी व्यवस्था निर्माण केली होती. जून २०१५ मध्ये भाषेचे नवे मानक आले आणि ही सोय भाषेनेच पुरविली. तेव्हा फेररचनेची गरज खरी होती, यात शंका नाही. वाद उत्पन्न झाला तो तिच्या नावामुळे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिस येथील परिषदेत इगोर मिनार आणि टोबियास बॉश यांनी दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा मांडला. कंट्रोलर, स्कोप इत्यादी ज्या संकल्पना विद्यार्थ्यांनी नुकत्याच कष्टाने आत्मसात केल्या होत्या, त्यांची थडगी या वेळी पडद्यावर दाखविण्यात आली. विनोद म्हणून हे ठीक असेल; परंतु ज्यांचा चरितार्थ त्या संकल्पनांवर चालला होता, त्यांना त्यात विनोद वाटला नसल्यास नवल नाही. जुन्या कामातून नव्यात जाण्याची निश्चित वाटही त्या वेळी दाखविण्यात आली नव्हती. ती पुढे २०१५ मध्ये, दोन्ही आवृत्ती एकाच कामात शेजारी शेजारी चालविण्याच्या योजनेने दाखविण्यात आली.

येथे आपल्याकडील एका परिचित गोष्टीचे स्मरण होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ शोधले गेले, अपपाठ दूर झाले, पण ग्रंथ ज्ञानेश्वरीच राहिला. आवृत्ती या शब्दातून सामान्य वाचक हाच अर्थ घेतो. अँग्युलर २ ही या अर्थाने आवृत्ती नव्हतीच. ती जुन्या नावाखाली केलेली नवी रचना होती. जुने नाव ठेवल्याने जुन्याची प्रतिष्ठा नव्याला मिळाली, आणि त्याच वेळी जुने शिकणाऱ्याच्या मनात अकारण भय शिरले. नाव वेगळे ठेवले असते, तर पेचातला निम्मा भाग उद्भवलाच नसता असे मला वाटते.

जे उत्साहाने नव्याकडे आधीच वळले, त्यांची वाटही सुखाची नव्हती. पॅरिसमध्ये अ‍ॅटस्क्रिप्ट या स्वतंत्र भाषेची घोषणा झाली होती. मार्च २०१५ मध्ये ती मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्टमध्ये विलीन करण्यात आली. डिसेंबर २०१५ मध्ये चाचणीची आवृत्ती व मे २०१६ मध्ये प्रकाशनपूर्व आवृत्ती निघाली. प्रकाशनपूर्व म्हणजे आता केवळ मुद्रणदोष काढावयाचे राहिले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पृष्ठांमधील मार्गक्रमणाची व्यवस्था त्यानंतरही नव्याने लिहिली गेली, आणि ऑगस्ट २०१६ मधील पाचव्या प्रकाशनपूर्व आवृत्तीत तर एनजीमोड्यूल ही सर्वस्वी नवी संकल्पना दाखल झाली. १४ सप्टेंबर २०१६ रोजी अंतिम प्रकाशन झाले तेव्हा वर्षभर आधी शिकलेल्याला बरेचसे पुन्हा शिकावे लागले.

यानंतर क्रमांकाने आणखी एक गंमत केली. मार्च २०१७ मध्ये दोनानंतर एकदम चौथी आवृत्ती आली. तिसरी गाळण्याचे कारण क्षुल्लक होते : मार्गक्रमणाचा विभाग आधीच तिसऱ्या क्रमांकावर जाऊन पोचला होता, आणि सर्व विभागांचे क्रमांक एकसारखे करावयाचे होते. दोन आणि चार यांच्यात शिकणाऱ्याला घाबरविण्याजोगे काहीच नव्हते. पण एकदा पोळलेल्यांना ते पटणे सोपे नव्हते. शेजारच्या रिअ‍ॅक्टनेही एप्रिल २०१६ मध्ये ०·१४ नंतर थेट १५ हा क्रमांक घेतला होता; तेथेही रचना मुळापासून बदललेली नव्हती. सारांश असा की, एका पायरीने दरी ओलांडली गेली आणि चौदा-पंधरा पायऱ्यांत जमीन सपाटच राहिली. क्रमांक कर्त्याची सोय सांगतो. शिकणाऱ्याचे अंतर सांगतोच असे नाही. डिसेंबर २०१६ नंतर पहिल्या रचनेला अँग्युलरजेएस व पुढील सर्वांना नुसते अँग्युलर म्हणावे, असा दंडक कर्त्यांनी घातला. हा भेद दोन वर्षे आधी केला असता तर!

मग २०१५ मधील विद्यार्थ्याने काय शिकावयास हवे होते? नवे ते श्रेयस्कर, हे उत्तर तेव्हा सर्रास दिले जाई. मला ते उतावळेपणाचे वाटते. उभी असलेली कामे जुन्या रचनेत होती, आणि ती कोणीतरी सांभाळावयाची होती. शिवाय फेब्रुवारी २०१६ मधील १·५ या आवृत्तीने कंपोनंटची पद्धत जुन्या घरातच आणली; ती नीट शिकलेल्याला नव्या घरात परके वाटण्याचे फारसे कारण नव्हते. जुन्याचा अंतही लगेच झाला नाही. १ जुलै २०१८ पासून तीन वर्षांचा केवळ देखभालीचा काळ ठरविण्यात आला आणि महामारीमुळे तो सहा महिन्यांनी वाढविला गेला. म्हणजे थडगी दाखविल्यानंतर ती रचना अधिकृतपणे सात वर्षांहून अधिक काळ जगली. सप्टेंबर २०१६ नंतर मात्र ज्याच्या डोक्यावर जुन्या कामाचा भार नव्हता, त्याने जुन्याकडे वळण्याचे समर्थन करता येत नाही.

उत्तरकाळात उलट प्रकार दिसतो. २०२२ मधील चौदाव्या आवृत्तीपासून एनजीमोड्यूलवाचून काम करण्याची सोय प्रथम चाचणीदाखल आली, २०२३ मध्ये सिग्नल आले, आणि नोव्हेंबर २०२४ मधील एकोणिसाव्या आवृत्तीत एनजीमोड्यूलविना रचना हाच मूळ संकेत ठरला. २०१६ चे पाठ्यपुस्तक घेऊन बसलेल्याला यातील पुष्कळसे अनोळखी वाटेल. पण या वेळी कोणी थडगी दाखविली नाहीत. जुने लिखाण चालत राहिले आणि बदल हप्त्याहप्त्याने आला. येथे क्रमांक सावकाश एकेकाने वाढत गेला, आणि शिकणाऱ्याचे अंतर त्याच्या नकळत वाढले.

अँग्युलरजेएसची अधिकृत देखभाल ३१ डिसेंबर २०२१ रोजी थांबली. त्या रचनेत लिहिलेली कामे त्या दिवशी थांबली नाहीत. त्यांच्यातील नवे दोष मूळ कर्ते आता दुरुस्त करीत नाहीत. ते काम ज्यांनी २०१५ मध्ये जुनी आवृत्ती शिकून घेतली, त्यांच्याकडेच येते.