डेडस्टॉकमधलं डोंगल

आमच्या संस्थेच्या कार्यालयात लाल कापडी पाठीचं एक जाडजूड रजिस्टर आहे. सरकारी मराठीत त्याला 'जडवस्तू संग्रह नोंदवही' म्हणतात, बाकी सगळे डेडस्टॉक म्हणतात. खुर्ची, पंखा, कपाट, घंटा, पाण्याचं पिंप, जे विकत घेतलं त्याला एक नंबर. तो वस्तूवर पांढऱ्या रंगाने लिहायचा आणि वर्षातून एकदा रजिस्टर घेऊन खोल्याखोल्यांतून मोजत फिरायचं. काही वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे आलं. त्याच महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीचं पत्रही आलं: आमची किती लायसन्स तुमच्याकडे आहेत आणि ती किती मशीनवर चालतात, ते कळवा.

खुर्च्या दोन दिवसांत मोजून झाल्या. सॉफ्टवेअर मोजायला अडीच महिने लागले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हे मोजायची पाळी मुळात आली कधीपासून?

एके काळी यायचीच नाही. भांड्याबरोबर झाकण यावं तसं सॉफ्टवेअर यंत्राबरोबर यायचं. आयबीएमचे ग्राहक लाखो डॉलरची यंत्रं घ्यायचे आणि त्यांवर चालणारे प्रोग्रॅम कंपनी त्यातच द्यायची. १९५५ साली 'शेअर' नावाचा वापरकर्त्यांचा गटच निघाला. तिथे लोक आपण लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांना देत. मग जानेवारी १९६९मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला, आणि जूनमध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे यंत्राचा दर वेगळा आणि बऱ्याचशा सॉफ्टवेअरचा वेगळा. यंत्राच्या किमतीत त्याबदल्यात सूट दिली ती फक्त ३ टक्के! पण सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, हे तिथून पक्कं झालं.

यात एक मेख होती. विकली जात होती ती वस्तू नव्हती, वापराची परवानगी होती. खुर्ची विकत घेतली की ती तुमची, कुठल्याही खोलीत ठेवा. परवानगीचं तसं नसतं, ती कुणाला, कुठे, किती हे कागदावर असतं. आणि वस्तूची नक्कल मात्र फुकट निघते. फेब्रुवारी १९७६मध्ये विशीतल्या बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना जे चिडकं खुलं पत्र लिहिलं, त्याचं दुखणं हेच: अल्टेअर संगणक घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी त्याचं बेसिक विकत घेतलं होतं.

आपल्याकडे १९८४च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात 'साहित्यकृती' ठरला. म्हणजे कायद्याच्या एका व्याख्येपुरते कादंबरी आणि हिशेबाचं पॅकेज शेजारी शेजारी! पुढच्या दुरुस्तीने १९९५पासून, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि दंड आला.

'माहीत असून' हे शब्द महत्त्वाचे, कारण कार्यालयात बहुतेकदा कुणाला काही माहीतच नसतं. तुमच्यापैकी गिटार वाजवणाऱ्यांनी एर्नी बॉलच्या तारा पाहिल्या असतील. २००० साली कॅलिफोर्नियातल्या या कंपनीवर सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने कोर्टाचा आदेश घेऊन मार्शलांसह छापा घातला. सुमारे ८ टक्के संगणकांवर लायसन्स नसलेलं सॉफ्टवेअर निघालं. मालक स्टर्लिंग बॉल यांनी नंतर सांगितलेलं एक कारण वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. इंजिनिअरांना नवी मशीन आली की जुनी कारकुनांकडे जायची, आणि हार्ड डिस्क कुणी पुसायचं नाही. इंजिनिअरचं सॉफ्टवेअर कारकुनाच्या टेबलावर तसंच पडून. त्याने ते उघडलंही नसेल. तडजोड आणि वकील मिळून खर्च साधारण एक लाख डॉलर. बॉल इतके भडकले की त्यांनी सगळी कंपनी लिनक्स आणि ओपनऑफिसवर नेली.

आमच्याकडेही हेच होतं. लॅबमधलं मशीन ग्रंथालयात, ग्रंथालयातलं गोडाऊनच्या टेबलावर. डेडस्टॉकमध्ये या प्रत्येक हलवाहलवीची नोंद होती, सहीसकट. मशीनच्या पोटात काय गेलं, त्याची नव्हती. उलट, पैसे भरलेली काही लायसन्स भंगारात गेलेल्या मशीनवर अडकलेली होती आणि आम्ही त्यांचं नूतनीकरण भरत होतो. चोरी आणि उधळपट्टी एकाच कपाटात. दोन्हींचं कारण एकच, यादी नव्हती. या यादीच्या कामासाठी २००६ साली आयएसओने एक मानकही काढलं, १९७७०-१. आम्ही मात्र एक्सेलची शीट केली: सॉफ्टवेअर, बिल, किती घेतली, कुठे बसवली, वापरणारा कोण. शेवटचा रकाना सगळ्यात अवघड गेला.

तो पुढे सगळ्यांनाच अवघड जाणार होता. २०१७मध्ये लंडनच्या न्यायालयात सॅपने दारू बनवणाऱ्या दियाजिओवर सुमारे ५ कोटी ४५ लाख पौंडांचा दावा लावला होता. दियाजिओने कोट्यवधी पौंड भरले होतेच. पण तिचे ग्राहक दुसऱ्याच प्रणालीतून ऑर्डर टाकत आणि ती ऑर्डर मागच्या बाजूने सॅपपर्यंत पोचे. न्यायालय म्हणालं, तेही वापरणारेच. मोजायची ती मशीन नव्हे, माणसं. ज्यांनी सॅपचा पडदा कधी पाहिलाही नाही, तीसुद्धा.

आमचं प्रकरण एवढं मोठं नव्हतं. कमी पडलेली लायसन्स घेतली, नको ती बंद केली, पत्राला उत्तर गेलं. एक गोष्ट मात्र यादी करताना सापडली ती अशी. त्या लाल रजिस्टरात सॉफ्टवेअरची एकच नोंद होती: श्रीलिपीचं डोंगल, १ नग. प्रिंटरच्या पोर्टला लावायचं काडेपेटीएवढं ते कुलूप, ते नसेल तर मराठी टाइप व्हायचं नाही. त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर लिहिता येत होता, म्हणून कुणीतरी लिहिला होता. ते लावायचं पोर्ट असलेलं मशीन आता संस्थेत नाही. निर्लेखनासाठी समिती बसावी लागते, ती बसलेली नाही. दरवर्षी मी कपाट उघडतो, डोंगल हातात घेऊन नंबर जुळवतो आणि रजिस्टरवर बरोबरची खूण करतो.