लय, रंग आणि पाहणारा : रस्त्यावरील छायाचित्राच्या आस्वादाविषयी

मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाने कलाकृतीच्या घटनेचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांच्या आधारे मांडला. चित्रातील रंगसंवेदनांना हा विचार सहज लागू पडतो. मात्र रस्त्यावर टिपलेल्या छायाचित्रावर त्याची कसोटी घेतली की अडचण सुरू होते. चित्रकार रंग निवडतो. छायाचित्रकाराला तो सापडतो, आणि सापडतो तेव्हा तो बहुधा कोणाच्या तरी अंगावर असतो.

ही अडचण मला प्रथम ग्रंथात नव्हे, वर्गात जाणवली. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयात सौंदर्यशास्त्र शिकवताना मी एक रंगीत छायाचित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवले होते. उसाने भरलेली बैलगाडी, तिच्यामागे चालणारी स्त्री, तिच्या लुगड्यावर पुरुषाचा निळा सदरा. निळ्या-हिरव्याचा विरोध आणि चौकटीला तिरपा छेद देणारा रस्ता मी समजावून देत होतो. तेवढ्यात एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, सदरा पाचटासाठी घालतात. हात कापतात ना." दुसऱ्याने गाडीवरचा वाढ्यांचा भारा दाखवला, तो विकून वरखर्चाचे दोन पैसे सुटतात. दसऱ्यानंतर ज्यांच्या घरांना कुलूप लागते त्या घरांतली ही मुले होती. मी ज्याला रंगाचा ठिपका म्हणत होतो त्याला ती मुले नवऱ्याचा जुना सदरा म्हणत होती.

याला अरसिकता म्हणून बाजूला सारता येणार नाही. किंबहुना छायाचित्रातला रंग कसा वाचला गेला, याचा इतिहासच या प्रश्नाभोवती फिरतो.

निजामाच्या राज्यात, ज्यात १९४८ पर्यंत बीडही होते, छायाचित्रणाचे सर्वांत मोठे नाव राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे. औरंगाबाद परिसरातील दुष्काळी मदतकार्याची छायाचित्रेही त्यांच्या नावावर आहेत. ती आज पाहताना एक गोष्ट विसरली जाते. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे निळे आकाश पांढरे पडे, लाल पागोटे काळे होई. त्या चित्रांतला उदास काळोख सगळाच दुष्काळाचा नाही. काही रसायनाचाही आहे. पाहणारा मात्र तो सगळा दुःखाच्या खाती जमा करतो.

कृष्णधवल म्हणजे गंभीर, रंगीत म्हणजे जाहिरातीचे, ही समजूत पुढे पाश्चात्त्य समीक्षेत दीर्घकाळ टिकली. रोलाँ बार्त यांना १९८० च्या आपल्या छायाचित्रविषयक पुस्तकातही रंग हा मूळ सत्यावर नंतर चढवलेला लेप वाटतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विल्यम एगल्स्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे गाजलेले प्रदर्शन भरवले ते १९७६ मध्ये. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचे गंगेवरील रंगीत पुस्तक त्याआधी, १९७४ मध्येच निघाले होते. रंगाच्या इतिहासात हा क्रम क्वचितच सांगितला जातो.

रघुबीर सिंग यांनी तरुणपणी कार्तिए-ब्रेसाँ यांना जयपुरात काम करताना पाहिले. रचनेची शिस्त त्यांच्याकडून घेतली, कृष्णधवल मात्र नाकारले. मुंबईवरील त्यांच्या पुस्तकात (१९९४) दुकानांच्या काचा, आरसे आणि खांब यांनी चौकट तुकड्यातुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकड्यात रस्ता वेगळा वाहतो. मर्ढेकरांचा विरोध आणि समतोल समजावून देण्यास याहून चांगली उदाहरणे मिळणार नाहीत. १९९८ च्या आपल्या निबंधात त्यांनी भूमिका मांडली ती अशी : वसाहतपूर्व भारतीय कलावंताने जग कृष्णधवलात पाहिलेच नाही, अपराधभाव आणि परात्मता यांतून आलेली ती पाश्चिमात्य दृष्टी आहे.

ही भूमिका आकर्षक आहे, पण ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जग उभे करणारी वारली स्त्री कोणत्या पाश्चिमात्य अपराधभावाने ग्रासली होती? शिवाय सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे कृष्णधवलात घेतली, त्यामागे माझ्या मते एक निश्चित कलाविवेक आहे. रंगात कचऱ्याचा ढीग सहज नक्षीदार होतो आणि माणूस त्या नक्षीत हरवतो.

असे असले तरी रंगाच्या बाजूने एक वेगळा युक्तिवाद करता येतो, आणि तो परंपरेचा नव्हे, काळाचा आहे. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडणाऱ्या बायांचे कृष्णधवल चित्र आणि काल घेतलेले ऊसतोडीचे कृष्णधवल चित्र शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच अनादी दारिद्र्यात विरघळतात. रंगात तसे होत नाही. कोपीवरचा निळा प्लॅस्टिकचा कागद, टिकलीचा बाजारी चकाकता लाल, ट्रॅक्टरवरचे कंपनीचे रंग काळ सांगतात. यातला कोणताही रंग सनातन नाही. रघुबीर सिंगांना रंगात परंपरा दिसली. बीडच्या रस्त्यावर मला त्यात तारीख दिसते.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव मानले. छायाचित्रात हे ध्रुव एकाच निळ्या ठिपक्यात येतात. सदरा नवऱ्याचा आहे हे कळल्याने रचना मोडत नाही. निळा-हिरव्याचा विरोध तसाच राहतो. मात्र तो विरोध आता पान आणि कातडी यांच्यातलाही असतो. मर्ढेकर याला लौकिक भावनेची भेसळ म्हणाले असते. पण ही भेसळ बाहेरून आलेली नाही. पाचट बोचते म्हणूनच तो रंग त्या चौकटीत आला. पाते बोथट असते तर तिथे केवळ लुगडे असते, आणि माझे त्या दिवशीचे विवेचनही वेगळ्या रंगांविषयी झाले असते.

वर्ग सुटल्यावर त्या विद्यार्थिनीने चित्र पुन्हा मागून घेतले. तिला गाडीचे बैल नीट पाहायचे होते.